मेथीचा माग

आजाराचा माग काढण्याची विद्या माणूस पाण्यावर शिकला. 1854 साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी कोण कुठल्या घरात दगावलं ते शोधून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं. पंप जागचा हलत नाही. 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय पाण्यावर गेला आणि विहिरीचं पाणी लगेच तपासायला नेता आलं. भाजीचं तसं नाही. पोट बिघडेपर्यंत ती खाऊन संपलेली असते, पाटी धुऊन पालथी घातलेली असते.

म्हणून भाजीच्या मागाची खरी कुळकथा मला 2011च्या जर्मनीत दिसते. रक्ताचे जुलाब, मूत्रपिंडं निकामी. 3,800हून जास्त माणसं आजारी पडली, 50हून जास्त दगावली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. तो खोटा ठरला, पण तोवर तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला होता. सॅलड खाल्ल्याचं रुग्णांना आठवे. त्यावर भुरभुरलेले मोड मात्र पहिल्या विचारपुशीत जेमतेम चौघांतल्या एकाला आठवले. मग तपासनिसांनी प्रश्नच बदलला. काय खाल्लंत हे न विचारता कुठला पदार्थ मागवलात ते विचारलं, बिलं आणि जेवतानाचे फोटो पाहिले, आणि त्या पदार्थात काय काय पडतं ते आचाऱ्याकडून लिहून घेतलं. मोड सापडले. मालाच्या पावत्या धरून मागे जाता जाता, आणि फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या रुग्णांचाही धागा जोडल्यावर, दोन्ही वाटा इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांच्या एकाच लॉटवर मिळाल्या: क्रमांक 48088, वजन सुमारे 15 टन. दाण्यांवर साथीचा जंतू शेवटपर्यंत सापडला नाही. निकाल लागला तो कागदांवर.

असा कागद आपल्याकडे आहे, पण द्राक्षाला. 2003 साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश आढळले. त्यानंतर 2006मध्ये शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाने ग्रेपनेट सुरू केलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि युरोपातल्या पेटीवरून नाशिकच्या किंवा सांगलीच्या बागेपर्यंत मागे येता येतं.

मेथीचं तसं नाही. पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्यावर माले हे गाव आहे. समजा तिथल्या कुणा शेतकऱ्याने मेथी पुण्याला मार्केट यार्डात पाठवली. अडत्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, शेतकऱ्याचं नाव, जुड्या आणि दर येतो. पुढे किरकोळ विक्रेता दोन-तीन गावांचा माल एकत्र घेतो, मोठी जुडी सोडून लहान बांधतो, आणि नाव तिथेच गळतं. विक्रेत्याच्या पावतीवर पट्टीचा क्रमांक टाकायला फार खर्च येत नाही. उद्या पुण्यात अशी साथ आलीच, तर आपली मेथी त्यातली नव्हती हे सांगायला मालेच्या शेतकऱ्याकडे तेवढाच पुरावा असेल.