मॅजिक नाइट रेअर्थ : मांगा व ॲनिमे यांतील पाठभेद

‘क्लॅम्प’ या जपानी चित्रकर्त्रींच्या मंडळाने कोदान्शा प्रकाशनाच्या ‘नाकायोशी’ या मुलींच्या मासिकात नोव्हेंबर १९९३ ते एप्रिल १९९६ च्या अंकांतून दोन भागांत क्रमशः प्रसिद्ध केलेली व सहा खंडांत ग्रथित झालेली मांगा, अर्थात चित्रकथा. तीवरून तोशिकी हिरानो यांच्या दिग्दर्शनाखाली सिद्ध झालेली ४९ भागांची ॲनिमे, अर्थात सचेतन चित्रांची मालिका १७ ऑक्टोबर १९९४ ते २७ नोव्हेंबर १९९५ या मुदतीत जपानी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. म्हणजे मूळ कथेची अखेर वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच मालिकेला आपली अखेर रचणे भाग पडले.

कथेचा गाभा उभयत्र एकच. टोकियो मनोऱ्यावर सहलीस आलेल्या हिकारू, उमी व फू या तीन शाळकरी मुली सेफिरो नामक मायावी राज्यात खेचल्या जातात. राज्याचा आधारस्तंभ असलेली राजकन्या एमरोड हिला झागातो या पुरोहिताच्या कैदेतून सोडविण्यासाठी रेअर्थ, सेलेस व विंडम ही तीन ‘माशिन’, म्हणजे अजस्र देवयंत्रे, त्या जागृत करतात. आणि अखेरीस त्यांना उमगते की, झागातोवर मन जडल्यामुळे केवळ प्रजेच्या कल्याणाची प्रार्थना करणे जिला अशक्य झाले, त्या राजकन्येने त्यांना पाचारण केले होते ते स्वतःच्या वधासाठी. हा वध दोन्ही पाठांत घडतो. त्यानंतरच्या अपराधीपणाचे काय करावयाचे, याविषयी मात्र दोन्ही पाठांच्या वाटा भिन्न होतात.

मांगाने ते मुलींच्या अंतःकरणातच राहू दिले व एका जिवाच्या सुखाचा बळी देऊन राज्याचा कारभार चालविणाऱ्या स्तंभपद्धतीवरच आरोप ठेवला. तेथे खलपुरुष असा कोणी उरतच नाही. मालिकेने या भावनांना देह दिले. हिकारूच्या विदीर्ण मनातून नोव्हा जन्मली, तर स्तंभावाचून भयग्रस्त झालेल्या प्रजेच्या भीतीतून डेबोनेअर. यांपैकी एकही पात्र मांगात नाही, आणि झागातोचा सेवक इनोव्हा हाही नाही. साप्ताहिक मालिकेतील यंत्रांना झुंजण्यासाठी समोर शत्रू हवा, ही निकड समजण्याजोगी आहे. तथापि दोष डेबोनेअरच्या माथी गेल्यामुळे मुलींच्या जबाबदारीची धार बोथट होते. नोव्हा मात्र निव्वळ भरताड नव्हे. स्वतःचाच तिरस्कार समोर उभा पाहण्याचा हिकारूचा प्रसंग मांगाच्या संयत रेखाटनातही इतका थेट उतरलेला नाही.

पात्रांच्या नशिबातही तफावत आहे : शस्त्रकर्त्री प्रेसिया मांगात जगते, मालिकेत तिला मरण येते व जुळी बहीण सिएरा तिची जागा घेते, ऑटोझॅम या परराज्याचा सेनापती ईगल मांगात वाचतो, मालिकेत कामी येतो.

दरेकसानजीकच्या (जि. गोंदिया) कचारगडच्या माघी यात्रेत सांगितली जाणारी गोंडांच्या लिंगो या आद्य गुरूची कथा आणि मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या दप्तरातून १८६६ साली छापली गेलेली लिंगोकथा यांतही असा भेद आढळतो, परंतु त्या दोहोंत पिढ्यांचे अंतर आहे. रेअर्थचे दोन्ही पाठ एकाच काळात वाढले, आणि क्लॅम्पच्या लेखिका नानासे ओकावा यांचा मालिकेच्या लेखनातही सहभाग असल्यामुळे दुसऱ्यास अपभ्रंश ठरविणे न्याय्य होणार नाही.

१९९७ मध्ये निघालेल्या तीन भागांच्या चित्रफितीत तर मुलींना सेफिरोस न नेता सेफिरोच टोकियोवर लोटले आहे.