‘पॅरामाउंटसी’ : व्याख्या नसलेला शब्द

इंदूरच्या राजकारणावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ज्या इंग्रजी शब्दाची छाया होती, तो ‘पॅरामाउंटसी’ हा शब्द आज कोशात आणि इतिहासग्रंथांतच भेटतो. त्याचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ केवळ ‘वरच्या बाजूस’ एवढाच होता. नॉर्मन सरंजामशाहीत कुळाच्या वर जमीनदार, त्याच्या वर सरदार आणि सर्वांच्या वर राजा अशी उतरंड असे. त्या सर्वांत वरच्यास ‘लॉर्ड पॅरामाउंट’ म्हणत. अगदी तळच्या कुळास ‘पॅरव्हेल’ म्हणत. तळचा शब्द पुढे व्यवहारातून नाहीसा झाला, वरचा टिकला. ह्यात नवल ते काय!

हिंदुस्थानात ह्या शब्दाला नवे घर मिळाले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. इंदूर राजधानी झाली व शहरालगत रेसिडेन्सी उभी राहिली. होळकरांनी बराच मुलूख गमावला आणि परराज्यांशी स्वतंत्र व्यवहार करण्याचा हक्कही गमावला. परंतु महाराजांची मुलेबाळे, आप्त, प्रजा व नोकरचाकर ह्यांच्याशी कंपनी सरकारला काही कर्तव्य नाही, त्यांच्यावर महाराजांचाच पूर्ण अधिकार राहील, असे तहात स्पष्ट लिहिले होते.

तहातील ही ग्वाही पुढे किती टिकली? १९०३ साली शिवाजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. त्यांचे पुत्र तिसरे तुकोजीराव ह्यांच्यावर तोच प्रसंग अधिक नाट्यमय रीतीने आला. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईस मलबार हिलवर अब्दुल कादर बावला ह्या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्या मोटारीत मुमताज बेगम होती. इंदूर दरबाराचा आश्रय सोडून ती निघून आली होती. आरोपींचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगास सामोरे जावे अथवा राज्यत्याग करावा, असे दोन मार्ग व्हाइसरॉयच्या सरकारने महाराजांपुढे ठेवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी राज्यत्याग केला. मुंबईतील गुन्ह्याचा न्याय व्हावयासच हवा होता, ह्याबद्दल दुमत नाही. प्रश्न इतकाच की, महाराजांस असा पेच घालण्याचा अधिकार १८१८ च्या तहातील कोणत्या कलमात होता?

ह्याचे उत्तर पुढच्याच महिन्यात, पण हैदराबादेस मिळाले. वऱ्हाड परत मागणाऱ्या निजामास लॉर्ड रेडिंगने मार्च १९२६ मध्ये कळविले की, ब्रिटिश सत्तेचे श्रेष्ठत्व केवळ तहांवर आधारलेले नसून तहांहून स्वतंत्र आहे. संस्थानिक अस्वस्थ झाले. त्यानंतर नेमलेल्या बटलर समितीपुढे त्यांचे वकील सर लेस्ली स्कॉट ह्यांनी मर्यादा आखून मागितल्या. १९२९ च्या अहवालात समितीने ‘पॅरामाउंटसी’ची व्याख्या करण्याचेच नाकारले.

हे नाकारणे मोठे धूर्तपणाचे होते. मराठीत ‘मांडलिक’ हा शब्द जुना आहे. तो खालून वर पाहतो, आणि मांडलिकाने खंडणी किती द्यावी, फौज किती पाठवावी, हे मोजता येत असे. ‘पॅरामाउंटसी’ वरून खाली पाहते, आणि तिच्या हक्कांची यादी कोठेच नव्हती. म्हणूनच ‘सार्वभौम सत्ता’ हा तिचा प्रतिशब्दही पुरता जुळत नाही. आपल्या मुलखात सार्वभौम म्हणविणारा राजाही तिच्या तावडीतून सुटत नसे.

१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यात तिचा शेवट झाला. पण कलमात शब्द योजला होता तो ‘सूझरेन्टी’, म्हणजे अधिराजत्व! १५ ऑगस्टला ते लोपले. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव होळकर ह्यांच्या वाट्याला रेसिडेन्सीविना इंदूरचे राज्य आले, पण ते जेमतेम नऊ महिने. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघाचे उद्घाटन झाले.