तंजावरचे सरस्वती महाल: दालनातील ग्रंथ आणि रुमालांतील मोडी

तंजावर: राजवाड्याच्या आवारात दरबार महाल आणि चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन पाहून बाहेर पडणाऱ्या पर्यटकांपैकी अनेकजण सरस्वती महाल ग्रंथालयाच्या वस्तुसंग्रहालयात डोकावतात. दालन लहान आहे आणि पाऊण तासात ते पाहून होते. त्यामागील भांडारात मात्र सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत आणि महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या सर्वांत मोठ्या ठेव्यांपैकी एक तेथेच आहे. दालन सर्वांसाठी खुले असते, तर भांडार अभ्यासकांपुरते मर्यादित आहे. भेटीचा बेत आखताना हा भेद ध्यानात घेतलेला बरा.

या संग्रहाचे मूळ नायक राजांच्या ग्रंथशाळेत आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात तंजावरची गादी घेतली आणि ग्रंथशाळा भोसल्यांकडे आली. तिला आजचे रूप दिले ते दुसऱ्या सर्फोजींनी (१७७७–१८३२). मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा १७९८ मध्ये गादीवर बसला. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि त्याच्या हाती किल्ला व लगतचा परिसर एवढेच उरले. सत्ता गेलेल्या राजाने ग्रंथांचा ध्यास घेतला, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नव्हे, कारण ग्रंथांबरोबरच वैद्यक, मुद्रण आणि शिक्षण यांतही त्याने तितकेच लक्ष घातले होते. उत्तरेतील तीर्थयात्रेत, विशेषतः काशीत, त्याने संस्कृत पोथ्या मिळवल्या व नकलून घेतल्या. युरोपातून ग्रंथ मागवले आणि त्यांतील अनेकांवर इंग्रजीत स्वाक्षरी केली.

त्या स्वाक्षरीचे काही ग्रंथ दालनात पाहावयास मिळतात. डॉ. जॉन्सन यांच्या इंग्रजी शब्दकोशाची १७८४ ची आवृत्ती, ॲम्स्टरडॅम येथे छापलेले सचित्र बायबल, माणसांची मुखे आणि पशूंची मुखे शेजारी शेजारी मांडणारी शार्ल ल ब्रँ याची रेखाटने, चिनी शिक्षाप्रकारांची चित्रे, हत्ती आणि घोडे यांच्या लक्षणांविषयीच्या सचित्र पोथ्या असा हा विविधरंगी ऐवज आहे. ल ब्रँच्या चित्रांपुढे गर्दी सर्वाधिक रेंगाळते. मराठी वाचकाने त्यापेक्षा अधिक वेळ राजाच्या वैद्यकीय आस्थेच्या खुणा शोधण्यात घालवावा. सर्फोजींच्या धन्वंतरी महालात रुग्णांवर उपचार होत आणि औषधांचे प्रयोगही चालत. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे व उपचारांची टिपणे येथील संग्रहात जपली गेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या भारतात अशी नोंद विरळाच म्हणावी लागेल.

संग्रहाचा फार मोठा भाग संस्कृत आहे. त्याची सूची तंजावरचे न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी तयार केली आणि ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर राज्यही उरले नव्हते. १८५५ मध्ये शेवटचे राजे दुसरे शिवाजी पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने राजवाड्यातील खासगी मालमत्तेवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सत्तेच्या अशा कृत्याची तपासणी न्यायालयाला करता येत नाही असा निर्णय दिला. राजसंपत्तीच्या वादांतून ग्रंथ विखुरले गेले नाहीत, हे भाग्यच. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. त्यानंतर कागलकर, पतंग अवधूत, जंबुनाथ भट लांडगे अशा तंजावरी घराण्यांचे संग्रहही त्यात जमा झाले. ही आडनावेच कावेरीकाठच्या मराठी वस्तीची साक्ष देतात. १९८३ मध्ये ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून थोडी अधिक आहेत. बहुतेक कागदावर आहेत, तर काही ताडपत्रावर तेलुगू लिपीत कोरलेली आहेत. रामदासी आणि दत्तात्रेय मठांतील संतवाङ्मय त्यांत आहे. शाहराजांच्या काळातील नाटकेही आहेत. त्यांतील ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे १६९० च्या सुमाराचे मानले जाते. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगापूर्वीची ही मराठी रंगभूमी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तिच्याकडे लक्ष वेधूनही मराठी नाट्येतिहासाच्या सर्वसाधारण कथनात ती आजही तळटीपेपुरतीच येते. सर्फोजींच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाटकात कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, जगाचा भूगोल सांगते. त्यांच्या पदरीच्या सख्खणपंडितांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि त्या तंजावरच्याच देवनागरी छापखान्यात छापल्या गेल्या. शरभेंद्र पाकशास्त्र ही मराठी पाककृतींची पोथीही इथलीच, आणि ती ग्रंथालयाने प्रकाशित केली आहे.

याहून वेगळा, आणि आजच्या घडीला अधिक चिंतेचा, विभाग राजदप्तराचा आहे. मराठा राजवटीच्या कागदपत्रांचे १,३४२ रुमाल ग्रंथालयाकडे असल्याची नोंद आहे. जमाखर्च, देणग्या, देवस्थाने, छत्रांची म्हणजे अन्नछत्रांची व्यवस्था, नर्तकींचे वेतन, औषधांची खरेदी अशा दैनंदिन नोंदींनी ते भरलेले आहेत. लिपी मोडी आणि भाषा मराठी, पण तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी शब्द मिसळलेली. पुण्याच्या दप्तरातील मोडी सराईतपणे वाचणारालाही येथे अडखळावे लागते. तमिळ शब्द मोडीच्या वळणात शिरला की तो ओळखण्यासाठी दोन्ही भाषा याव्या लागतात. तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर १९८९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केले. परिणामी तंजावरच्या मराठी कागदांचा मोठा भाग तमिळ अभ्यासकाला उपलब्ध आहे, मराठी अभ्यासकाला मात्र त्यासाठी तमिळ किंवा मोडी यांपैकी एक शिकावेच लागते. मोडी शालेय अभ्यासक्रमातून जाऊन कित्येक दशके लोटली. तिचे वर्ग महाराष्ट्रात अधूनमधून भरतात, पण तंजावरी वळणाचा सराव त्यांत क्वचितच असतो. छायाचित्रण करून कागद टिकवता येतो, वाचक मात्र घडवावाच लागतो.

भांडारातील जतनाची रीतही पाहण्याजोगी आहे. वेखंड, काळी मिरी, लवंग, दालचिनी, जिरे यांची कापूर घातलेली भुकटी पुरचुंडीत बांधून पोथ्यांशेजारी ठेवण्याचा प्रघात येथे आहे. ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावतात, कोरलेली अक्षरे पुसट झाली असल्यास काजळीने ती उठवतात. नव्या रासायनिक उपायांच्या जोडीला हा जुना उपाय अजून चालतो.

हस्तलिखित पाहावयाचे असल्यास प्रथम ग्रंथालयाच्या छापील सूचींत त्याचा क्रमांक शोधावा आणि अभ्यासाचा हेतू नमूद करून आगाऊ अर्ज करावा. नुसते ‘मराठी पोथ्या दाखवा’ म्हटल्याने काम भागत नाही. सूचींबरोबर ग्रंथालयाची प्रकाशनेही विक्रीस असतात आणि १९३९ पासूनचे त्याचे नियतकालिक चाळल्यास काय संपादित झाले आहे याचा अंदाज येतो.

मराठी अक्षरे अर्ज न करता वाचावयाची असतील, तर राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर बृहदीश्वराचे मंदिर आहे. त्याच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ चा मराठी शिलालेख आहे. सर्फोजींनी तो देवनागरीत कोरविला, त्यामुळे आजच्या वाचकाला तो अक्षर लावीत वाचता येतो. उन्हाने दगड तापण्याआधी, सकाळीच तेथे जावे.