बंगालमधील निळीची करारशेती : दादन, कर्ज आणि रयतेचा नकार

करारशेती हा शब्द भारतात अलीकडे रुळला असला, तरी त्यामागील व्यवहार जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये निळीची लागवड दोन प्रकारे होत असे. मळेवाल्याने स्वतःच्या ताब्यातील जमिनीवर मजूर लावून केलेली लागवड 'निज', तर रयतेने आपल्या शेतात करारान्वये केलेली लागवड 'रयती' म्हणून ओळखली जाई. यांपैकी रयती पद्धतच अधिक प्रचलित होती. नांगर, बैल आणि पीक बुडण्याचा धोका ही सारी जोखीम तीत रयतेवर पडत असे.

या पद्धतीचा कणा म्हणजे दादन, अर्थात आगाऊ रक्कम. बिघ्यामागे साधारणतः २ रुपये उचलून रयत मुद्रांकित कागदावर करार करी. पीक कापल्यावर झाडांच्या पेंढ्या साखळीने मोजल्या जात. ती साखळी मात्र कोठीच्या नोकराच्या हाती असे. बियाणे व मुद्रांक यांचा खर्च वजा होऊन रयतेकडेच बाकी निघे आणि ती पुढील वर्षाच्या खात्यावर चढे. बापाची बाकी मुलाकडे येई. भातास योग्य अशी उत्तम जमीन निळीखाली जाई, ते वेगळेच. असा करार स्वेच्छेचा होता, हे म्हणणे कागदापुरतेच खरे मानावे लागेल.

कायद्याची भूमिकाही तटस्थ नव्हती. १८३० च्या रेग्युलेशनने करारभंग हा फौजदारी गुन्हा ठरविला. ही तरतूद १८३५ मध्ये रद्द झाली. १८५९ मध्ये नदिया जिल्ह्यातील रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला. चौगाछाचे विष्णुचरण व दिगंबर विश्वास हे या चळवळीत अग्रभागी होते. कोठीचे लाठीवाले गावांवर धाडण्यात आले, तरी नकार पसरतच गेला.

१८६० चा अकरावा कायदा या संदर्भात विशेष लक्षणीय होय. त्याने एकीकडे चौकशी आयोग नेमण्याची तरतूद केली आणि दुसरीकडे सहा महिन्यांसाठी करारभंग करणाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा ठेवली. म्हणजे तक्रार ऐकली जात असतानाच तक्रारदार तुरुंगात जात होते. सेटन-कार यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मळेवाल्यांच्या जबरदस्तीवर ठपका ठेवला. चालू करार पुरे करावेत, मात्र पुढे नीळ न पेरण्याची रयतेस मोकळीक असावी, असे मत दिले.

यानंतर बंगालमधील उत्पादन कोसळले व निळीचे केंद्र बिहारकडे सरकले. चंपारणमधील तिनकठिया पद्धतीत बिघ्याच्या २० पैकी ३ कठ्ठे निळीसाठी राखावे लागत. ही सक्ती १८१८ नव्हे, तर थेट १९१८ च्या चंपारण शेतजमीन कायद्याने संपुष्टात आली.