उन्हाळा सरताना उद्योगनगरीतील बहर

मे महिन्याच्या अखेरीस पिंपरी-चिंचवडमध्ये दिसणारा फुलांचा बहर बराचसा गेल्या साठ-सत्तर वर्षांतला आहे. त्याआधी पवना-इंद्रायणीकाठची ही गावे मुख्यतः शेतीची होती आणि फुलझाडे लागत ती प्रामुख्याने देवापुरती. मोरया गोसावींच्या चिंचवडात गणपतीला जास्वंद हवी, दारात तुळस हवी. मोगरा मात्र विहिरीचे सांडपाणी पोहोचेल तिथेच.

हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना पिंपरीत १९५४ मध्ये झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) अस्तित्वात आले आणि माळरानांवर कारखाने उभे राहू लागले. कारखान्यांमागून कामगार वसाहती आल्या आणि वसाहतींबरोबर बागाही. टेल्को या वाहन कंपनीच्या आवारात तिचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी उजाड जमिनीवर तळे खोदवून मोठ्या प्रमाणावर झाडे लावून घेतली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा सावली आणि रंग यांची सवय शहराला लागलेली होती.

रस्त्याकडेला गुलमोहर सर्रास दिसतो. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष झपाट्याने वाढतो आणि ऐन उन्हात लालभडक होतो. एवढ्यावर तो सगळ्यांच्या पसंतीला उतरला. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात फांद्या कोसळतात. याच दिवसांत जांभळा फुलणारा ताम्हण हा महाराष्ट्राच्या राज्यफुलाचा मानकरी. इथल्या मातीतला असूनही तो मागे पडला, ही निवड फारशी शहाणपणाची म्हणता येणार नाही.

बंगल्यांच्या आवारात आणि गॅलरीतल्या कुंड्यांत मोगऱ्याचे राज्य असते. थंडीत त्याचे पाणी तोडून ताण देतात, छाटणी करतात, मग खत-पाणी सुरू करतात. मार्चपासून कळ्या धरतात आणि पाऊस लागेपर्यंत टिकतात. वर्षभर जमिनीत दडलेला मे फ्लॉवरचा कंद वळवाच्या सरीनंतर एकदम तांबडा गोल चेंडू वर काढतो. अनंत त्याच सुमारास फुलतो. पाण्याची टंचाई मात्र नेमकी तेव्हाच असते, म्हणून हिरवळ सुकू देऊन फुलझाडे जगवण्याकडे माळ्यांचा कल.

वटपौर्णिमेला गजऱ्यांचा खप वाढतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतात, तेव्हा हारांची मागणी पुन्हा चढते. त्यानंतर लग्नसराई ओसरते आणि बाजार मंदावतो.

फुलांचा व्यापारी चेहरा पुढे मावळात घडला. तळेगावला एमआयडीसीने पुष्पोद्यान उभारले. पॉलिहाऊसमध्ये गुलाब आणि जरबेरा वर्षभर काढता येऊ लागले. तिथल्या गुलाबाचा खरा हंगाम फेब्रुवारीचा. उन्हाळ्यात कळी लहान राहते, दांडा आखूड होतो, भावही पडतो. चाकणच्या कांदा-बटाट्याच्या शेतांत वाहन कारखाने आले, तरी आसपासच्या खेड तालुक्यात पाऊस सुरू होताच दसरा-दिवाळीसाठी झेंडूची रोपे लावली जातात.