वायंगणातली भाजी

रोमचा सम्राट टायबेरियस याला बारा महिने काकडी लागे. त्याचे माळी काकडीचे वाफे चाकांवर ठेवत, दिवसा उन्हात ढकलत नेत आणि थंडी पडली की पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली घेत, असं प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. हरितगृहाचं कूळ बहुधा इथूनच सांगतात. पुढे दगडाची जागा काचेने घेतली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या वेशीवरचे माळी घंटेच्या आकाराची काच रोपांवर पालथी घालत आणि वाफ्याखाली घोड्याची ताजी लीद भरत. ती कुजताना जी ऊब सुटे, तिच्यावर हिवाळ्यात भाजी निघे. १९४८ मध्ये अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या एमर्ट यांनी काचेऐवजी प्लास्टिकचा कागद ताणला आणि हरितगृह सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं.

हा सगळा खटाटोप ज्या हवेसाठी, ती रत्नागिरीत पौषात आपसूक मिळते. रात्री मतलई वारा सुटतो, दुपारी खारा वारा येतो, पहाटे पानांवर दंव असतं, आणि शहरात पारा सहसा १८-२० अंशांखाली उतरत नाही. माठ, मुळा, वाली, वांगी, मिरची यांना याहून वेगळं काही नको. अडचण आहे ती पाण्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभ्यातून तो झिरपून जातो आणि शिमग्याच्या सुमारास विहिरींचा तळ दिसू लागतो. म्हणून इथल्या माणसांची हुशारी छपरावर खर्च झाली नाही, ती पाण्यामागे लागली. तिथून वायंगण आलं.

वायंगण म्हणजे पावसाळी भातानंतर त्याच जमिनीत घेतलेलं दुसरं पीक. दक्षिण कोकणात आणि गोव्यात वायंगणी भातही होतं; रत्नागिरीच्या घरांना जास्त जवळची ती वायंगणातली भाजी. हिचा जन्म भाताच्याच खाचरातला. पावसाळ्यात चिखलणी होते, तेव्हा माती घोटली जाऊन खाली घट्ट थर बसतो. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या मळ्यात कापणी झाली तरी त्या थरावर ओल टिकते. जमीन वापशावर आली की तिच्यावर नांगर फिरतो. नुसत्या ओलीवर कुळीथ, पावटा, कडवे वाल निघतात. भाजीला मात्र शिंपण हवं, म्हणून मळ्याच्या कडेला डुरा खणायचा, कंबरेइतका खोल, न बांधलेला. राख आणि शेणखत मिसळून वाफे करायचे, भोवती काट्याकुट्यांची वई घालायची, आत-बाहेर जायला बेडं ठेवायचं.

पाणी वर काढायला लाट. दोन खांबांवर आडवं लाकूड, त्यावर तोललेला लांब वासा, त्याच्या मागच्या टोकाला दगड आणि पुढच्या टोकाला लाकूड कोरून केलेलं कोळंबं. माणूस वासा खाली ओढतो, कोळंबं पाण्यात बुडतं, हात सैल सोडला की दगड खाली बसतो आणि भरलेलं कोळंबं वर येऊन पाटात रितं होतं. जोर खाली ओढताना लागतो, उचलताना नाही. दिवसभर शिंपणाऱ्याच्या पाठीला हा मोठाच आधार. नाईल नदीकाठीही हीच युक्ती हजारो वर्षं चालत आली आहे.

पण लाट सगळ्यांकडे नसे. पुरुष मुंबईच्या गिरणीत, आणि घरी बाई डुऱ्यातून कळशी भरभरून वाफे शिंपतेय, हे रत्नागिरीत घरोघर होतं. मनीऑर्डर येईपर्यंतची मीठमिरची या माठ-मुळ्याच्या जुड्यांवर भागे. कोकणच्या शेतीबद्दल बोलताना आंबा आणि भात यांच्यात ही बाई नेहमी हरवते. वायंगणाचं श्रेय द्यायचं तर आधी तिला द्यावं लागेल.

वाफ्यातली मंडळी सगळीच जुनी नाहीत. माठ आणि वाल इथे फार पूर्वीपासूनचे. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली आणि टोमॅटो तर तिच्याही बऱ्याच मागून. दापोलीत १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ उभं राहिलं. त्याने घरच्या वालाला ‘कोकण भूषण’ आणि दोडक्याला ‘कोकण हरिता’ हे सुधारित वाण दिले.

पाणी अडवायची रीतही सुधारली. पूर्वी पऱ्यात दगडमातीचा बांध घालत. आता सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून, तोंड शिवून, एकीवर एक रचतात. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावावरून त्याला वनराई बंधारा म्हणतात. पाऊस ओसरल्यावर वाहतं पाणी असतानाच तो घालावा लागतो. उशीर झाला तर अडवायला फारसं उरत नाही. लाटेची जागा पंपाने घेतली, बंधाऱ्यासाठी मात्र आजही माणसांनाच पाण्यात उतरावं लागतं.

छप्पर वायंगणावर आलं ते अगदी अलीकडे, आणि तेही माकडांमुळे. वानर-माकडांचे कळप वईला जुमानत नाहीत. एका सकाळीत वांगी-मिरचीचा वाफा ओरबाडून जातात. कित्येकांनी या एका कारणापायी भाजी सोडली. मळे भातानंतर ओस पडतात आणि आंबा घाटातून उतरणाऱ्या टेम्पोतली भाजी विकत घेतली जाते. ज्यांनी सोडली नाही, त्यांच्यातले काही शेडनेट लावतात. किनाऱ्याच्या गावांत त्याहून स्वस्त उपाय आहे: होड्यांवरची निकामी झालेली जाळी आणायची, बांबूंवर चारी बाजूंनी आणि वरूनही ताणायची, खालची कड दगडांनी दाबायची. ऊन आणि दंव आत येतं, माकड येत नाही. वेल याच जाळ्यावर चढवता येतो, त्यामुळे वेगळा मांडव घालावा लागत नाही.