पाचर ठोकण्याआधी सांधा शोधा

अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीकडे, सातपुड्याच्या उतारावर भगर पिकते. तिथे गवत कापायचा बागेतला ट्रॅक्टर कुणी शोधायला जाणार नाही. पण त्या ट्रॅक्टरचा एक आजार तिथल्या लाकडी नांगरालाही होतो, तो म्हणजे सांध्याची झीज. हळस ढिली झाली की शेतकरी पाचर ठोकतो. नांगर घट्ट होतो, काम पुढे जातं. झिजलेलं भोक मात्र तेवढंच रुंद राहतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा फरक नीट ओळखायला हवा.

आधी थोडा इतिहास. 1830 मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने गवत कापणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या गिरणीच्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. पुढे पाती ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या पत्र्याच्या पेटीत गेली. ही पेटी वरखाली करायला दांडा, आडवा शाफ्ट, दुवे, पिना आणि बुश अशी साखळी आली. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 मध्ये 'कब कॅडेट' हा बागेतला ट्रॅक्टर आणला. गंमत म्हणजे, 1963 मध्ये महिंद्रांनी शेतीचे ट्रॅक्टर बनवायला हातमिळवणी केली तीही याच कंपनीशी. बी-275 त्यातूनच आला. एक यंत्र हिरवळीवर चालणारं, दुसरं काळ्या मातीत. पण पिन आणि बुशचं शास्त्र दोन्हीकडे एकच.

ते शास्त्र काय सांगतं? 1953 मध्ये आर्चर्डने मांडलेलं सूत्र असं: भार जास्त आणि घासत गेलेलं अंतर जास्त, तर झीज जास्त, पृष्ठभाग कठीण, तर झीज कमी. 1966 मध्ये ब्रिटनमध्ये जोस्ट अहवाल आला आणि घर्षण, झीज व वंगण यांच्या अभ्यासाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव मिळालं. नीट काळजी घेतली तर ब्रिटिश उद्योगांचे वर्षाला सुमारे 51.5 कोटी पौंड वाचतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता. म्हणजे झिजलेली पिन ही किरकोळ गोष्ट नाही.

आता तपासणीकडे वळू. पेटी एका बाजूला झुकते, गवत तिरकं कापलं जातं. बहुतेक जण लगेच ॲडजस्टमेंटचा नट फिरवतात. ही झाली लोखंडी पाचर! त्याऐवजी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून चावी काढा, स्पार्क प्लगची वायर सोडवा. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी आहे का बघा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. मग पेटीखाली लाकडी ठोकळे द्या आणि दांडा सावकाश हलवा. दांडा हलतो पण पुढचा दुवा हलत नाही, अशी जागा कुठे आहे? तिथली पिन काढा. ती जिथे घासते तिथला व्यास आणि जिथे घासत नाही तिथला व्यास, दोन्ही मोजा. भोक गोल आहे की लांबट झालंय, तेही बघा.

हे का महत्त्वाचं? समजा साखळीत 5 सांधे आहेत आणि प्रत्येकात 0.5 मिमी ढिलाई आहे. बेरीजच 2.5 मिमी होते. त्यात दुव्यांची लांबी कमी-जास्त असेल तर टोकाला ती आणखी वाढते. लक्षण टोकाला दिसतं, कारण चार सांधे मागे असतं. नट फिरवून पेटी आज सरळ होईल, पण लांबट भोक रोज वाढत राहील. बुश स्वस्त आणि मऊ ठेवलेला असतो तो यासाठीच, की महागड्या शाफ्टऐवजी तो झिजावा. वेळेत बदलला नाही तर पुढची पाळी शाफ्टची.

प्रयोगशाळेतही असंच होतं. रीडिंग सरकायला लागलं की दुरुस्तीचा एक आकडा मिळवून टाकायचा मोह होतो. आकडा जरूर मिळवा, पण आधी साखळीतला ढिला सांधा शोधा. पिनेचा न घासलेला भाग म्हणजे तुमचा कंट्रोल. तो मोजल्याशिवाय किती झिजलं हे सांगता येत नाही.